उभी गाडी आणि निष्क्रिय खाते

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये ज्येष्ठ सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, विषय नेहमीचाच असणार : मुदत ठेवी, नॉमिनेशन, नाहीतर फोनवरून होणारी फसवणूक. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला लोक दुसरं काय विचारणार? पण ते म्हणाले, "काका, तुम्ही गाडीवर बोला. परवा खाली पार्किंगमध्ये चौघांना सांगत होतात ना, तेच सगळ्यांना सांगा."

मी काही मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे मोजामाप करण्याची खोड अजून गेलेली नाही. वॉचमनकडचं गेटचं रजिस्टर मागून घेतलं आणि गेल्या महिन्याचा हिशेब केला. आपल्याकडे ४८ फ्लॅट आहेत, ३१ चारचाकी गाड्या आहेत. त्यातल्या ११ गाड्या महिनाभरात एकदाही गेटबाहेर गेलेल्या नाहीत. अकरांपैकी नऊ गाड्या साठीच्या पुढच्या सभासदांच्या आहेत. मुलं परदेशात किंवा बंगळुरूला, संध्याकाळी सिंहगड रोडला ट्रॅफिक, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि रिक्षा फोनवर येते. मग गाडी निघणार कशी? दोन वर्षांपूर्वी हीच यादी केली असती, तर त्यात माझी गाडी पहिली असती.

माझी गाडी तुम्हाला माहीत आहे. राखाडी वॅगन-आर, पेट्रोलवरची, मे २०१२ ची. मी त्याच महिन्यात रिटायर झालो आणि हातात आलेल्या रकमेतून ती घेतली. आयुष्यातली पहिली चारचाकी. तोपर्यंत आम्ही चौघं एका स्कूटरवर बसून लग्नाला गेलेली माणसं. पहिली काही वर्षं गाडी खूप फिरली. कोल्हापूर, गणपतीपुळे, मुलाच्या लग्नाची खरेदी. मार्च २०२० पर्यंत ३४ हजार किलोमीटर झाले होते.

मग लॉकडाऊन आलं. तेव्हा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की गाडी उभी असली तर आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवा. मी ते व्रतासारखं धरलं. दर रविवारी सकाळी खाली यायचं, गाडी पुसायची, सेल्फ मारायचा, घड्याळ लावून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, आणि बंद करून वर जाऊन पोहे खायचे. लॉकडाऊन संपलं तरी हे व्रत काही सुटलं नाही. गाडी काचेसारखी चकचकीत होती. येणारा-जाणारा म्हणायचा, "काका, गाडी काय ठेवलीय तुम्ही!" मलाही तेच वाटायचं. तीन वर्षांत ती चालली नऊशे किलोमीटर.

आणि खरं सांगायचं तर चालवत का नव्हतो? मुलगा अमेरिकेतून विचारायचा तेव्हा मी ट्रॅफिकचं कारण द्यायचो. पण २०२१ मध्ये रिव्हर्स घेताना पार्किंगच्या खांबाला मागचा बंपर लागला होता. ओरखडाच होता तो. मात्र खाली मुलं खेळत होती, त्यातला एक म्हणाला, "आजोबांनी ठोकली!" तेव्हापासून चावी हातात घेतली की छातीत थोडं धस्स व्हायचं. हे मी घरात कधी बोललो नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, कारण इथे बसलेल्या आणखी दोघा-तिघांचं तसं असेल असा मला संशय आहे.

आता जानेवारी २०२३ मधली ती रात्र. अडीच वाजले असतील. सौ.नी मला हलवून उठवलं. अंगाला घाम, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. मी चावी घेतली, त्यांना धरून लिफ्टनं खाली आणलं, गाडीत बसवलं आणि सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक टक टक. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा फडफडले आणि विझले. मी तरी सात-आठ वेळा चावी फिरवली असेन. त्या चकचकीत गाडीत आम्ही दोघं अंधारात बसलेलो, आणि शेजारून आवाज आला, "अहो, राहू दे. कुणाला तरी हाक मारा."

वॉचमन धावत वर गेला. बी विंगमधला एक मुलगा, रात्री उशिरापर्यंत ऑफिसचं काम करणारा, चप्पलसुद्धा न घालता खाली आला आणि त्याच्या गाडीतून आम्हाला हॉस्पिटलात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दोन दिवसांनी स्टेंट बसवला. सौ. आज इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि मी काय काय सांगतोय ते तपासून घेत आहेत.

त्याच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दुसरी गोष्ट सांगितली, ती आधी सांगतो, कारण ती गाडीपेक्षा महत्त्वाची आहे. ते म्हणाले, "काका, गाडी सुरू झाली असती तरी तुम्ही चालवायला नको होती. तुमचे हात थरथरत होते. अशा वेळी १०८ ला फोन करायचा." तेव्हा गाडी 'अडीअडचणीला' म्हणून ठेवली आहे असं जे आपण सगळे म्हणतो, त्याचा प्रत्येकानं एकदा विचार करावा. १०८ नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सौ. घरी आल्यावर मी मेकॅनिकला बोलावलं. आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला, तिशीतला मुलगा. मी त्याला जरा चिडूनच म्हणालो, "अरे, दर रविवारी न चुकता सुरू करत होतो!" तो म्हणाला, "काका, त्यानंच गेली."

मग त्यानं मला बॉनेटपाशी उभं करून जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

बँकेत बचत खात्यावर दोन वर्षं खातेदारानं स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय होतं. आता कुणी म्हणेल, बँक तर दर तिमाहीला व्याज जमा करते, मग खातं चालूच आहे की! पण बँकेनं व्याज टाकणं किंवा चार्जेस कापणं हा खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. खातेदारानं स्वतः पैसे भरावे किंवा काढावे लागतात. गाडीचंही तसंच आहे. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं हा व्यवहार नाही. गाडी रस्त्यावर गेली, चाकं फिरली, इंजिन पुरतं गरम झालं, ब्रेक लागले, गिअर पडले, तर व्यवहार झाला. एक फरक मात्र आहे. निष्क्रिय खात्यातले पैसे जागेवर राहतात आणि त्यांना व्याजही मिळतं. उभ्या गाडीतली शिल्लक रोज थोडी थोडी कमी होत जाते.

ती कशी, ते एकेक करून सांगतो.

पहिली बॅटरी. सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम मोठा करंट जातो. तो भरून काढायचं काम आल्टरनेटरचं. पण इंजिन जागेवर हळू फिरत असताना आल्टरनेटर फार कमी देतो. शिवाय गाडी बंद असली तरी घड्याळ, लॉकची यंत्रणा, आतला कॉम्प्युटर हे सगळे थोडं थोडं खातच असतात. म्हणजे दर रविवारी मी खात्यातून काढत होतो जास्त आणि भरत होतो कमी. बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की आतल्या शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचा थर जमतो आणि मग ती पूर्ण भरतच नाही. व्होल्ट मोजायचं साधं मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली समजायची. १२.२ दिसले तर साधारण अर्धी. माझी होती ११ च्याही खाली.

दुसरं इंजिन आणि सायलेन्सर. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं होतं : एक लिटर पेट्रोल जळलं की धुरातून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी नीट चालवली तर सगळं तापून ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत बंद केली तर ते सायलेन्सरमध्येच साचतं आणि आतून गंज धरतो. माझ्या सायलेन्सरच्या मागच्या भागाला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं, वरून पत्ताही नव्हता. तीच ओल आणि न जळलेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीच्या रंगाची साय दिसली, तर समजा गाडी पुरेशी गरम होत नाही.

तिसरे टायर. मी अभिमानानं म्हणालो, नक्षी बघ, अजून बरीच शिल्लक आहे. त्यानं खाली बसून टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर शेवटी १२ होतं. म्हणजे अकरा वर्षांचं रबर! बाजूला बारीक बारीक भेगा पडलेल्या. टायर कंपन्या साधारणपणे सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी बदला. टायर झिजून संपतो तसा नुसत्या वयानंही संपतो. हवाही न चालवता महिन्याला एक-दोन पौंड आपोआप कमी होते. कमी हवेच्या टायरवर गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटा पडतो.

चौथं, ब्रेक. हॅन्डब्रेक ओढून गाडी महिनाभर ठेवली, त्यातून पावसाळा असला, तर ब्रेक गंजून चिकटतात. गाडी धुतल्या धुतल्या उभी करून ठेवली तरी तेच. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावं लागतं. इंजिन ऑइलचंही वर्षाला एकदा ठरलेलं. "चाललीच कुठे पाच हजार किलोमीटर?" असं म्हणून मी दोन वर्षं सर्व्हिसिंग टाळलं होतं.

पाचवं पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. टाकी जवळजवळ रिकामी ठेवून गाडी उभी केली की उरलेल्या जागेत दमट हवा राहते. त्यामुळे टाकी अर्ध्याच्या वर ठेवावी, पण तेच पेट्रोल सहा-सहा महिने पडून राहणार नाही एवढी गाडी चालवावी.

सहावं, उंदीर. यावर आपल्या पार्किंगमध्ये वेगळं बोलायला नको. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ऊब असते, आडोसा असतो आणि कुरतडायला वायरी असतात. एअर फिल्टरच्या डब्यात कागदाचे कपटे आणि शेंगांची टरफलं सापडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, ज्यानं त्यानं आपले उपाय करावेत. पण खरा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघणं आणि पार्किंगमध्ये कबुतरांना दाणे न टाकणं. दाण्यांवर उंदीर येतात, आणि कबुतरांची विष्ठा रंग खाते ते वेगळंच. आणि हो, थंडीत सेल्फ मारण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा. आपली मांजरं आत झोपतात.

माझं त्या वेळचं बिल असं झालं : बॅटरी ४,९००, चार टायर १५,६००, सायलेन्सरचा भाग ३,६००, ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि ब्रेकची सफाई मिळून ५,४००. एकूण २९,५०० रुपये. तीन वर्षांत ९०० किलोमीटर चाललेल्या गाडीचं.

मग करायचं काय? मी जे करतो ते सांगतो. तुमच्या गाडीचं पुस्तक आणि तुमचा मेकॅनिक काही वेगळं सांगत असेल तर त्यांचं ऐका.

आठवड्यातून एकदा गाडी किमान अर्धा तास चालवायची. सोसायटीला चकरा मारायच्या नाहीत, रस्त्यावर न्यायची. जमलं तर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये. त्यात दहा मिनिटं एसी लावायचा, थंडी असली तरी. एसीच्या सीलला त्यानं तेल मिळतं, नाहीतर ती सुकून गॅस जातो. वायपर फिरवायचा, काचा वर-खाली करायच्या, सगळे दिवे बघायचे. आणि गाडी सुरू करून लगेच निघायचं. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि आपल्या पार्किंगच्या वरच पहिल्या मजल्याच्या खिडक्या आहेत.

महिन्यातून एकदा हवा. स्टेपनीचीसुद्धा. ऑइलची पट्टी, कूलंट आणि काच धुवायचं पाणी बघायचं. पावसाळ्याआधी पुढच्या काचेच्या खाली जाळीत अडकलेला पालापाचोळा काढायचा. तिथलं भोक बुजलं की पाणी गाडीत उतरतं. कव्हर घालायचं असेल तर हवा खेळणारं कापडी घ्या. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली गाडीला घाम येतो.

तीन-चार महिने मुलाकडे जाणार असाल तर हॅन्डब्रेक सोडा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून विटा लावा. टायरमध्ये तीन-चार पौंड हवा जास्त भरा. बॅटरीची वायर काढायची असेल तर आधी मायनसची काढायची, आणि लावताना ती शेवटी लावायची. सर्वांत चांगलं म्हणजे लायसन्स असलेल्या विश्वासातल्या माणसाला चावी देऊन जायचं आणि "पंधरा दिवसांतून एकदा फिरवून आण" म्हणायचं. यात कमीपणा नाही. आपण घराची चावी देतोच की शेजारी.

आता कागदपत्रं. इथे मी माझ्या घरच्या मैदानावर आहे. गाडी उभी असली तरी विमा बंद पाडू नका. आग, चोरी, झाड पडणं, पाणी शिरणं, हे उभ्या गाडीलाही होतं. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या जागच्या जागी बुडाल्या, आपण सगळ्यांनी पाहिलं. (गाडीत पाणी गेलं असेल तर सेल्फ मारायचा नाही, ढकलून किंवा उचलून गॅरेजला न्यायची. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर इंजिनच मोडतं.) विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो. पीयूसी आपल्या २०१२ नंतरच्या गाड्यांना वर्षाचं असतं, तेही बघा. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. आणि गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओकडून तपासून घेऊन नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते.

अजून एक. २०२१ पासून गाडीच्या आरसीलाही नॉमिनी लावता येतो. लावून टाका. आपल्या यादीतल्या अकरांपैकी एक गाडी अशी आहे की तिचे मालक आता आपल्यात नाहीत. वहिनी स्वतः चालवत नाहीत, पण रोज सकाळी गाडी पुसून घेतात. मला त्यांना काही सांगायचा धीर झाला नसता. त्यांनी आपणहून विचारलं, "भाऊजी, हिचं काय करू?" मी एवढंच म्हणालो की ते असते तर त्यांनी ही अशी चपट्या टायरवर उभी राहू दिली असती का? मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. ती मुदत कधीच टळून गेली होती, त्यामुळे जरा खेटे पडले. पण काम झालं. आता गाडी भाच्याकडे आहे. तो दर महिन्याला मामीला त्याच गाडीतून देवदर्शनाला घेऊन जातो.

शेवटी हिशेब. वर्षाचा माझा बांधील खर्च असा : विमा ६,४००, सर्व्हिसिंग ५,६००, बॅटरीसाठी बाजूला १,२००, टायरसाठी २,३००, पुसणाऱ्याचे ६,०००, पीयूसी, हवा आणि किरकोळ १,५००. बेरीज २३,०००. गाडी हलली नाही तरी हे जाणारच. पूर्वी वर्षाला ३०० किलोमीटर चालत होती, त्याला अडीच हजारांच्या आसपास पेट्रोल. म्हणजे किलोमीटरला ८५ रुपये पडत होते! आता वर्षाला २,००० किलोमीटर चालते. पेट्रोल २०२४ मध्ये लिटरला सुमारे १०४ रुपये होतं, लिटरला १४ किलोमीटर धरले तर १५,००० रुपये. एकूण ३८,०००, म्हणजे किलोमीटरला १९. रिक्षाचा दर २०२४ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ होता. म्हणजे पैशाच्या दृष्टीनं रिक्षाच बरी. हे तुमच्यापासून लपवणार नाही. गाडी ठेवायची तर पैसे वाचतात म्हणून नको, वापरायची आहे म्हणून ठेवा. वापरणार नसाल तर किंमत येतेय तोवर देऊन टाका. दोन्हींत काही चूक नाही. चूक आहे ती मी तीन वर्षं केली ती. ना चालवली, ना विकली, नुसती पुसली.

आम्ही ठेवायचं ठरवलं, पण अटींवर. मी आधी डोळे तपासून घेतले आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाकलं. मग त्याच मेकॅनिकच्या मुलाला शेजारी बसवून चार सकाळी सराव केला. रिव्हर्ससकट. रात्री चालवायची नाही, पावसात चालवायची नाही. दर बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं निघतो. खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन येऊन २४ किलोमीटर होतात. रविवार मुद्दाम टाळला, कारण रविवारी सिंहगडाला जाणाऱ्यांची गर्दी असते. धरणाकाठी चहा घेतो, पाणी किती आलंय ते बघतो आणि आठपर्यंत घरी. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे. तारीख, किलोमीटर, हवा, ऑइल. वही सौ. लिहितात. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, ऑडिट बाहेरचाच माणूस करतो म्हणतात.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनीच एक नियम लिहिला आहे. सलग तीन बुधवार विनाकारण चुकले, तर गाडी विकायची, वाद घालायचा नाही. आणि मे २०२७ मध्ये गाडीची पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा मी पंचाहत्तर वर्षांचा असेन. त्या दिवशी नोंदणी वाढवायची की चावी ठेवून द्यायची, ते दोघांनी बसून ठरवायचं. मी सही केली आहे.

गेल्या महिन्यात सलग दोन बुधवार चुकले, एकदा लग्न होतं आणि एकदा माझा कंटाळा. तिसऱ्या बुधवारी सहा वाजता सौ. स्वतःच चावी घेऊन दारात उभ्या होत्या.

गाडीत मागे तीन जागा रिकाम्या असतात. ज्यांना धरणापर्यंत यायचं असेल त्यांनी मंगळवारी रात्रीपर्यंत सांगावं. ज्यांची स्वतःची गाडी खाली उभी आहे त्यांनी मात्र आपल्या गाडीनं यावं. चहा माझ्याकडून.

 त्या रात्री चप्पल न घालता खाली आलेल्या बी विंगमधल्या त्या मुलाचे आभार मी अजून नीट मानलेले नव्हते, ते आज सगळ्यांसमोर मानतो.